हजेरीचं पदक

वाराणसीला बदली झाल्याचं फोनवर सांगितलं, तेव्हा आईनं क्वार्टर कसं आहे, जेवण कसं मिळतं, असं काहीच विचारलं नाही. तिचा पहिला प्रश्न होता, "मंगळागौरीचं देऊळ तिथंच आहे ना रे?"

मला ठाऊक नव्हतं. फौजीला नव्या ठिकाणी आधी छावणी कळते, मग स्टेशन, मग बाजार. देवळं शेवटी. पण देऊळ होतं. पंचगंगा घाटाच्या वरच्या अंगाला, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला टेकावं लागेल अशा गल्लीत. तिकडचे लोक 'मंगला गौरी' म्हणतात आणि त्या मोहल्ल्याचीही तीच ओळख. देवीशेजारी गभस्तीश्वराचं लिंग आहे. सूर्यानं इथं तप केलं अशी काशीखंडातली कथा. आपल्याकडे नव्या नवऱ्या लग्नानंतरची पाच वर्षं श्रावणातल्या मंगळवारी जिची पूजा मांडून रात्र जागवतात, ती ही गौर.

मी कोल्हापूरचा. पंचगंगेच्या काठी लहानाचा मोठा झालो. त्यामुळे काशीतही पंचगंगाच भेटली याचं आईला फार अप्रूप. आपली पंचगंगा कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वतीची. तिथली गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापेची. त्या भागात मराठी माणसाला परकं वाटत नाही. बिंदुमाधवाचं आजचं देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं. घाटावरचा हजार दिव्यांचा दगडी स्तंभ अहिल्याबाईंचा. दोन पावलांवर दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट. तिथल्या जुन्या वाड्यांतून अजून मराठी ऐकू येतं.

२०१९च्या कार्तिकात आई आली. पंचगंगेवर कार्तिकस्नानाचं महत्त्व मोठं, आणि अण्णांना जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. त्या पहाटे घाटावर जे घडलं, त्यामुळे मला एका फौजेचा इतिहास मुळापासून वाचावासा वाटला. आधी घाटावरचं सांगतो.

स्नान झालं. देवीचं दर्शन झालं. बांबूंच्या टोकाला टांगलेल्या टोपल्यांतले आकाशदिवे विझत आले होते. आईनं घरून आणलेली सुकलेली फुलं, हळदीकुंकवाच्या पुड्या, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत होतं. ती पिशवीसकट गंगेत सोडणार, तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "माताजी, फूल हमें दे दीजिए." वर्दीतला माणूस. पन्नाशीकडे झुकलेला, बुटका, गोरखा चेहरा, हातात वेताची मोठी टोपली. पिशवी त्यानं अदबीनं घेतली, फुलं टोपलीत ओतली आणि रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली.

आईनं आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं, "कौनसा पलटन?"

"टेरिटोरियल आर्मी, माताजी. गंगा टास्क फोर्स."

आईचा चेहरा उजळला. म्हणाली, "हमारे ये भी टेरिटोरियल के थे. कोल्हापूर पलटन."

त्या माणसानं टोपली पायरीवर ठेवली, सावधान उभा राहिला आणि आईला हात जोडून म्हणाला, "तब तो आप हमारे घर की हुईं."

मी दोन पायऱ्या वर उभा होतो. नियमित फौजेतला, सत्तावीस वर्षं नोकरी झालेला नायब सुभेदार. मला तिथं खाली बघावंसं वाटलं.

कारण असं. अण्णा एका कारखान्यात फिटर होते आणि कोल्हापूरच्या टी.ए. पलटणीत शिपाई. वर्षातून एकदा महिना-दोन महिने कॅम्पला जायचे. पेटीतून वर्दी निघायची, बूट चमकायचे, आणि कॅम्प संपला की वर्दी डांबरगोळ्यांसकट परत पेटीत. बरीच वर्षं झाल्यावर त्यांना टेरिटोरियल आर्मीचं पदक मिळालं. मी भरती होऊन ट्रेनिंग संपवून पहिल्या सुट्टीवर घरी आलो, तेव्हा त्यांनी कौतुकानं ते पदक माझ्या हातात दिलं. मी एकोणीस-वीस वर्षांचा. नव्या वर्दीची मस्ती होती. म्हणालो, "अण्णा, हे लढाईचं नाही. हे हजेरीचं पदक आहे."

अण्णा हसले. पदक घेतलं आणि कपाटात ठेवून दिलं. नंतर त्यांनी मला ते कधीच दाखवलं नाही.

त्या संध्याकाळी छावणीत परत आलो. आई झोपली. मी वाचायला बसलो आणि नंतर कित्येक आठवडे वाचत राहिलो. जे हाती लागलं ते थोडक्यात मांडतो. टी.ए.ची मुळं शोधायला लांब जावं लागत नाही. त्यातलं एक मूळ माझ्या खोलीच्या आसपासच होतं.

४ जून १८५७. वाराणसीच्या छावणीतलं परेड मैदान. ३७व्या नेटिव्ह इन्फंट्रीला शस्त्रं खाली ठेवायला सांगितलं गेलं. गोंधळ उडाला, गोळीबार सुरू झाला, आणि लुधियाना शीख पलटणही त्यात सापडली. कर्नल नीलनं सूत्रं हाती घेतली. पुढचे दिवस सुडाचे होते. इंग्रज इतिहासकार जॉन के यानंच लिहून ठेवलं आहे, की फाशी देण्यासाठी गोऱ्या स्वयंसेवकांच्या टोळ्या आसपासच्या मुलखात गेल्या आणि हौशी फाशीकऱ्यांची वाण पडली नाही. या शहराच्या इतिहासात 'व्हॉलंटियर' हा शब्द असा आला आहे.

जुलैत हॅवलॉकची फौज अलाहाबादहून कानपूरकडे निघाली, तेव्हा तिच्यासोबत कॅप्टन बॅरोचं छोटंसं व्हॉलंटियर घोडदळ होतं. ज्यांच्या पलटणी उठल्या ते अधिकारी, मळेवाले, दुकानदार, कारकून. जेमतेम वीस जण. त्याच महिन्याच्या शेवटी, ३१ जुलैला, इकडे माझ्या कोल्हापुरात २७वी बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री उठली. दोन पंचगंगा, आणि एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात दोन्हीकडे बंदुका.

त्याच साली सरकारनं २३ क्रमांकाचा कायदा केला आणि व्हॉलंटियर दलांना शिस्त आणि अधिकार दिले. १८६९मध्ये त्यांच्यासाठी पुन्हा वेगळा कायदा आला. मग मुंबई, पुणे, नागपूर, कलकत्ता, मद्रास, सगळीकडे व्हॉलंटियर रायफल्स आणि लाइट हॉर्स उभ्या राहिल्या. रेल्वे कंपन्यांचीही स्वतंत्र दळं होती. जी.आय.पी., बी.बी.सी.आय., ईस्ट इंडियन. रेल्वेत नोकरीला लागलेल्या गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन माणसानं व्हॉलंटियर व्हायचं, हे बहुतेक ठिकाणी ठरलेलंच असे. पंचगंगा घाटावरून उत्तरेला नजर टाकली की राजघाटचा लांबलचक रेल्वेपूल दिसतो. १८८७चा डफरिन पूल, आजचा मालवीय पूल. असे पूल, स्टेशनं, तारघरं, खजिने राखणं हे या दळांचं काम.

राखायचं कोणापासून? रशियाचं नाव अधूनमधून घेतलं जाई. पण खरी भीती होती ती पुलाखालून नाव वल्हवणाऱ्या माणसाची. म्हणून त्या माणसाला या दळात जागा नव्हती. १८७८च्या शस्त्रकायद्यानं हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगायची बंदी झाली. गोऱ्यांना त्यातून सूट होती.

इथं मला एक गोष्ट नव्यानं कळली. आपण समजतो की राष्ट्रीय चळवळीनं सभा घेतल्या, अर्ज केले, सनदी नोकऱ्या मागितल्या. पण अगदी सुरुवातीच्या मागण्यांत एक मागणी बंदुकीचीही होती. १८८५मध्ये पंजदेहवरून रशियाशी युद्धाची हवा झाली, तेव्हा शिकलेल्या हिंदी तरुणांनी ठिकठिकाणी अर्ज केले, की आम्हालाही व्हॉलंटियर करून घ्या. १८८६ला काँग्रेसच्या कलकत्त्याच्या दुसऱ्या अधिवेशनात तसा ठराव झाला. मागणी काय, तर आम्हालाही कवायतीला बोलवा, आमचंही नाव पटावर घ्या. पगार नाही, जमीन नाही. फक्त हजेरीचा हक्क.

सरकारनं तो तीस वर्षं दिला नाही.

१९१७ साली, महायुद्धानं माणसं कमी पडायला लागल्यावर, इंडियन डिफेन्स फोर्सचा कायदा आला. १६ ते ५० वयाच्या गोऱ्यांना सक्ती. हिंदी माणसांसाठी ऐच्छिक आणि वेगळी शाखा. अटी सारख्या नव्हत्या. तरीही टिळकांनी पुण्यात तरुणांना नावं नोंदवायला सांगितलं. ज्या माणसानं मंडालेत सहा वर्षं काढली होती, तो परतल्यावर तीनच वर्षांत तरुणांना सरकारी कवायतीला जा म्हणतो, याचं तेव्हाही अनेकांना कोडं पडलं. टिळकांचा हिशेब सरळ होता. बंदूक चालवायला शिकलेला समाज आणि न शिकलेला समाज यांच्याशी सरकार एकाच भाषेत बोलत नाही. पण शिकणं बरोबरीनं व्हायला हवं. १० जून १९१८ला मुंबईच्या युद्धपरिषदेत ते हे सांगायला उभे राहिले, तेव्हा गव्हर्नर विलिंग्डननं त्यांना मध्येच अडवलं आणि टिळक सभा सोडून गेले. पुढे हिंदी माणसाला अधिकारपदं मिळण्याचं वचन सरकारकडून मिळवा, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसं देतो, अशी पैज त्यांनी गांधीजींशी लावली आणि पन्नास हजार रुपयांचा चेकही पाठवला. वचन आलं नाही. चेक परत गेला.

१ ऑक्टोबर १९२०ला दोन फौजा झाल्या. गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन माणसांसाठी ऑक्झिलियरी फोर्स. हिंदी माणसांसाठी इंडियन टेरिटोरियल फोर्स. पहिलीकडे रायफलींबरोबर घोडदळ, तोफा, मशीनगनही होत्या. दुसरीकडे प्रामुख्यानं पायदळ. एकाच सरकारची अर्धवेळ फौज, पण माणूस कुठे जाणार हे त्याच्या जन्मावर ठरणार. यावर इतकी ओरड झाली की १९२४मध्ये लेफ्टनंट जनरल सर जॉन शे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसवावी लागली.

पण दार किलकिलं झालं होतं. नियमित रेजिमेंटांना टेरिटोरियल पलटणी जोडल्या गेल्या. क्रमांकाची पद्धत अशी, की रेजिमेंटची १०वी पलटण ट्रेनिंगची आणि ११पासून पुढच्या टेरिटोरियल. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीलाही अशी ११वी पलटण मिळाली. शेतीची कामं उरकून माणूस महिनाभर कवायतीला यायचा आणि परत नांगराला लागायचा. कॉलेजांत युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर आली. मुंबई विद्यापीठात होती, इथं बनारस हिंदू विद्यापीठातही होती. पुढे पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीच्या शिफारशीवरून १९४८मध्ये तिच्या जागी एन.सी.सी. उभी राहिली. शाळेत ज्यांनी खाकी घालून परेडनंतरचा नाश्ता खाल्ला आहे, त्यांच्या त्या नाश्त्याला एवढा जुना इतिहास आहे.

दुसऱ्या महायुद्धात टेरिटोरियल पलटणी बोलावल्या गेल्या. १९४७ला ऑक्झिलियरी फोर्स मोडली आणि मुंबई-पुणे-नागपूरच्या गोऱ्या रायफल्स इतिहासजमा झाल्या. १९४८ला टेरिटोरियल आर्मीचा कायदा झाला आणि ९ ऑक्टोबर १९४९ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी या नव्या सेनेचं उद्घाटन केलं. तो आजचा टी.ए. दिवस. ब्रीद आहे 'सावधानी व शूरता'. मराठी माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

तो कायदा मी मुद्दाम काढून वाचला. लहानसा आहे. त्यातल्या दोन कलमांपाशी बराच वेळ थांबलो. सहाव्या कलमात म्हटलं आहे, की भारताचा कोणीही नागरिक भरतीसाठी स्वतःहून पुढे येऊ शकतो. अटी पुऱ्या करायच्या, बस. आज हे वाक्य साधं वाटतं. पण १८५७पासून ९१ वर्षं हेच वाक्य मिळत नव्हतं. कलम ७-अ मालकांसाठी आहे. कामगार टी.ए.च्या सेवेला गेला, तर परतल्यावर त्याला पहिल्यापेक्षा वाईट नसलेल्या अटींवर कामावर परत घ्यायचं.

कलम ७-अ वाचलं आणि दुसऱ्या दिवशी चहा पिताना आईला विचारलं, "अण्णांची पहिली नोकरी का सुटली होती?"

आई बराच वेळ बोलली नाही. मग सांगितलं. १९७१च्या वैशाखात लग्न. श्रावणात पहिली मंगळागौर. "रात्रभर जागलो आम्ही पोरी. तुझे अण्णा ओसरीवर बसून झिम्मा ऐकत होते." आणि थंडीत बोलावणं आलं. टी.ए.च्या भाषेत 'एम्बॉडी' झाले. सीमेवर गेले नाहीत. मागच्या भागात कुठल्याशा पुलावर आणि डेपोवर पहारा होता. काही महिन्यांनी परत आले, तर कारखान्यात त्यांच्या मशीनवर दुसरा माणूस. मालक म्हणाला, "लढाई संपली, जागाही भरली." कायद्यात कलम आहे हे अण्णांना पलटणीतून कळलं होतं. पण नव्या संसारात कोर्टाची पायरी कोण चढणार? दुसऱ्या कारखान्यात कमी पगारावर लागले. आणि पुढच्या वर्षी कॅम्पचं पत्र आलं, तेव्हा पुन्हा पेटी उघडली.

"मी म्हटलं होतं, नाव काढून घ्या," आई म्हणाली. "तर म्हणाले, आपण नाही गेलो तर पुलावर उभं कोण राहणार?"

माझ्याच घरातली ही हकिकत मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, वाराणसीच्या क्वार्टरमध्ये कळली. मी कधी विचारलंच नव्हतं.

टी.ए.बद्दल नियमित फौजेत काय बोललं जातं ते माजी सैनिक वाचकांना सांगायला नको. 'शनिवार-रविवारचे शिपाई' हे आपणच म्हणायचो. शहरी तुकड्यांची कवायत खरोखरच सुट्टीच्या दिवशी होते, त्यामुळे थट्टेला आयतं निमित्त. पण १९६२, १९६५ आणि १९७१, तिन्ही वेळा ही माणसं बोलावली गेली. सुरुवातीला टी.ए.त हवाई संरक्षण, सिग्नल, इंजिनियर, वैद्यकीय अशा अनेक तुकड्या होत्या. १९७२पर्यंत त्या एकतर मोडल्या किंवा नियमित फौजेत घेतल्या गेल्या. पायदळ राहिलं. रेल्वेच्या तुकड्याही राहिल्या. गोऱ्या गार्ड-ड्रायव्हरांनी जे काम अडवून धरलं होतं, ते आता इथलाच फिटर, इथलाच पॉइंट्समन करू लागला. या तुकड्यांना १९७४च्या रेल्वे संपातही उतरवलं गेलं. त्याबद्दल रेल्वे कामगारांच्या मनात अढी राहिली, हेही लिहायला हवं. नागरिकाला वर्दी दिली की कधी कधी त्याला आपल्याच सोबत्यांसमोर उभं राहावं लागतं.

१ डिसेंबर १९८२ला देहरादूनला १२७वी इन्फंट्री बटालियन (टी.ए.) इको, गढवाल रायफल्स उभी राहिली. मसुरीचे डोंगर चुनखडीच्या खाणींनी पोखरले होते. निवृत्त जवानांना पुन्हा वर्दी देऊन तिथं झाडं लावायला धाडलं. प्रयोग जमला. पुढे अनेक इको पलटणी झाल्या. आपल्या मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरला महार रेजिमेंटशी जोडलेली १३६वी आहे. आणि गंगेसाठी १३७वी, ३९ गोरखा रायफल्सशी जोडलेली. तीच गंगा टास्क फोर्स. मुख्यालय प्रयागराज, म्हणजे बॅरोचं व्हॉलंटियर घोडदळ जिथून निघालं तेच अलाहाबाद.

आई परत गेल्यावर मी एका रविवारी पुन्हा मंगला गौरीच्या गल्लीतून खाली उतरलो. टोपलीवाले साहेब भेटले. सुभेदार म्हणून पेन्शन आलेले, आता इथं. आम्ही पायरीवर चहा घेतला. मी विचारलं, फौजेत बंदूक धरली, आता फुलं गोळा करता, कसं वाटतं? ते हसले. म्हणाले, बंदूक होती तेव्हा समोरचा आपल्याला घाबरावा लागायचा. इथं समोरचा घाबरला तर काम होत नाही. रोज सकाळी यावं लागतं, रोज तेच सांगावं लागतं. एक दिवस आलो नाही, तर दुसऱ्या दिवशी घाट पहिल्यासारखा.

मला पुलावरचे अण्णा आठवले. युद्धाचे सगळे दिवस ज्या पुलावर काहीच घडलं नाही, कारण कोणीतरी तिथं उभं होतं.

१८५७ला या शहरात स्वयंसेवक निघाला तो लोकांच्या विरोधात. आज त्याच शहरात तो वाकून लोकांची फुलं उचलतो. मधल्या दीड शतकात एवढंच बदललं, की दाराबाहेर ठेवलेला माणूस आत आला. ती वाट काँग्रेसच्या ठरावांनी, टिळकांच्या पैजेनं, कुंझरूंच्या समितीनं थोडी थोडी मोकळी केली. आणि मग अण्णांसारख्यांनी दरवर्षी पेटी उघडून ती वाहती ठेवली. पगार बुडाला, नोकरी गेली, मुलगा हसला, तरी नाव काढलं नाही.

मे २०२५मध्ये सरकारनं लष्करप्रमुखांना टी.ए. बोलावण्याचे अधिकार दिले. ३२ इन्फंट्री बटालियनांपैकी १४ तैनातीसाठी. टीव्हीवर ती बातमी पाहताना मी निवृत्त होऊन घरी बसलो होतो. मनात आलं, आज कुठल्यातरी गावात कोणीतरी पेटी उघडत असेल, आणि त्याच्या मालकाला कलम ७-अ ठाऊक असेल का? वाचकांत कोणी कारखानदार, दुकानदार असतील, तर त्यांनी ते कलम एकदा वाचावं. पाच मिनिटांचं काम आहे.

अण्णांचं पदक आता माझ्याकडे आहे. आईनं दिलं. माझ्या पदकांच्या पट्टीशेजारी ठेवलं आहे. परवा नातेवाइकांच्या एका मुलानं विचारलं, हे कसलं?

मी सांगितलं, "हजेरीचं."

जय हिंद.